गोळीला पीळ किती?

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पन्नास मीटरवरून बटणावर नेम धरणाऱ्याच्या एकाग्रतेबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून आले. आपण जरा नळीच्या आत डोकावून पाहू.

ही रायफल ०.२२ इंची. एन.सी.सी.तल्या मुलांना चांदमारीच्या वेळी याच मापाची रायफल हाताळायला मिळते. नळीच्या आतल्या भिंतीवर मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या उथळ खाचा असतात. गोळी या खाचांत पकडली जाते आणि पुढे ढकलली जाता जाता स्वतःभोवती फिरू लागते. बहुतेक ०.२२ रायफलींत या खाचा १६ इंचांत एक पूर्ण फेरा घेतात. गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने बाहेर पडते, तेव्हा ती सेकंदाला आठशेच्या वर गिरक्या घेत असते. एका फेऱ्याला लागणाऱ्या या अंतराला आपण ‘पीळ’ म्हणू. अंतर कमी, तर पीळ घट्ट. अंतर जास्त, तर पीळ सैल.

आता प्रश्न असा, की १६ इंचच का? १८५३ सालच्या ब्रिटिश एन्फील्ड रायफलीत हा पीळ ७८ इंचांचा होता. अमेरिकी सैन्याच्या एम-१६ए२ रायफलीत तो ७ इंचांचा आहे. एवढा फरक कशासाठी? आणि कोणत्या बंदुकीला किती पीळ द्यायचा हे ठरवायचे कसे? हत्यारांवर लिहिणे आम्हाला फारसे आवडत नाही. पण या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधक आहे, आणि त्यात वर्गात सांगण्याजोगे भौतिकशास्त्र भरपूर आहे.

गोल गोळीचे कोडे

नळीत वळणाऱ्या खाचा पाडण्याची युक्ती जुनी, सुमारे १५०० सालची. जर्मन भाषिक शहरांतल्या बंदूक कारागिरांना ती अनुभवाने ठाऊक होती. फिरणारी गोळी सरळ जाते एवढेच त्यांना माहीत होते; का जाते ते नव्हे. हे ‘का’ पहिल्यांदा नीट विचारले ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ मध्ये त्याचे तोफशास्त्रावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. गोळीचा वेग मोजण्यासाठी त्यात त्याने एक जड लाकडी लंबक वापरला होता. गोळी लंबकात रुतते, लंबक झुलतो आणि झोक्याच्या लांबीवरून वेग काढता येतो. बारावीच्या मुलांना हे गणित आजही घातले जाते, पण त्यामागचा माणूस कोण हे सहसा सांगितले जात नाही.

साध्या, खाचा नसलेल्या बंदुकीची गोल गोळी कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळते. याचे कारण रॉबिन्सच्या मते असे, की नळीच्या भिंतीला घासत येताना तिला कुठल्या तरी अक्षाभोवती आपोआप गती मिळते, आणि मग फिरणाऱ्या टेनिसच्या चेंडूप्रमाणे हवा तिला बाजूला ढकलते. हे दाखवायला त्याने एका नळीचे टोक मुद्दाम डावीकडे वाकवले आणि पुढे ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी आधी डावीकडे गेली, पण पुढे गेल्यावर उजवीकडे वळली! वाकलेल्या नळीत ती उजव्या भिंतीला घासत आली होती, हे लक्षात घेतले की कोडे सुटते. १७४७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने खाचांचे काम स्पष्ट केले. गोळी फिरणारच असेल, तर तिच्या फिरण्याचा अक्ष उड्डाणाच्या दिशेतच असू द्यावा, म्हणजे हवेला तिला बाजूला ढकलायला कारण उरत नाही. रॉबिन्सचे पुस्तक १७४५ मध्ये जर्मन भाषेत आणणाऱ्या थोर गणिती ऑयलरला मात्र वळण्याचे हे कारण पटले नव्हते. गोळी पुरती गोल नसते म्हणून ती वळते, असे त्याचे म्हणणे. रॉबिन्सची बाजू पक्की व्हायला १८५२ मधले माग्नुसचे प्रयोग यावे लागले. आज त्या परिणामाला नाव आहे ते माग्नुसचे.

रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ल्यांच्या बांधकामासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

एक गोष्ट मात्र इथेच लक्षात ठेवू. गोल गोळीला पुढे-मागे असे काही नसते. ती उलटली तरी गोलच दिसणार. तिला फक्त योग्य अक्षाभोवती थोडेसे फिरवले की पुरे; सैल पीळही चालतो. उलट पीळ फार घट्ट असला तर मऊ शिसे खाचांत न फिरता सरळ ओरबाडले जाते. म्हणून कारागिरांच्या हाताला सैल पिळाची सवय लागली. गोळीचा आकार बदलला, पण ही सवय लगेच बदलली नाही.

अर्धा फेरा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लांबट गोळी आली. तिचा तळ पोकळ असे. दारूच्या दाबाने तो फाकून खाचांत बसे. त्यामुळे ठासणीच्या बंदुकीतही गोळी वरून सहज सरकवता येई, आणि उडताना मात्र ती घट्ट पकडली जाई. १८५३ ची एन्फील्ड याच प्रकारची: नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळीचे वजन ५३० ग्रेन म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम, नळीची लांबी ३९ इंच. पीळ ७८ इंच. आकडे पाहिले की गंमत दिसते. ३९ च्या दुप्पट ७८. गोळी बाहेर पडेपर्यंत बरोबर अर्धा फेरा! सोयीचा आकडा, पण गोळीला नेमके किती फिरणे लागते, याचे माप त्यात कुठेच नाही.

हीच ती आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातली एन्फील्ड. दारू आणि गोळी कागदी काडतुसात येत. गोळीकडच्या कागदाला वंगण लावलेले असे, कारण कागदासकट गोळी काजळी धरलेल्या नळीतून गजाने खाली सरकवायची असे. वंगणात गाईची आणि डुकराची चरबी असल्याच्या बातमीने १८५७ च्या सुरुवातीपासून बंगालच्या पलटणींत काय घडले ते शिक्षकांना सांगायला नको. आपल्या गोष्टीतली महत्त्वाची चाचणी नेमकी त्याच वर्षी, एप्रिल महिन्यात, इंग्लंडमध्ये झाली.

तिचा नायक जोसेफ व्हिटवर्थ. हे नाव आपल्याकडच्या जुन्या फिटर-टर्नरना चांगले ओळखीचे आहे. आय.टी.आय.मध्ये ज्यांना बी.एस.डब्ल्यू. आटे म्हणतात, त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे हाच व्हिटवर्थ. बोल्ट कुठल्याही कारखान्यातला असो, त्याचे आटे सारखेच असावेत ही कल्पना त्याने १८४१ मध्ये मांडली. इंचाच्या दशलक्षाव्या भागाइतका फरक दाखवणारे मापनयंत्र त्याने बनवले होते. सरकारने १८५४ मध्ये त्याला रायफली बनवणारी यंत्रे तयार करायला सांगितले. त्यावर त्याचे उत्तर असे, की चांगली रायफल कशामुळे चांगली होते हे कोणी मोजलेलेच नाही. ते आधी शोधू द्या. सरसेनापती लॉर्ड हार्डिंग यांनी ते मान्य केले. खर्च सरकारचा, व्हिटवर्थचे श्रम फुकट.

मँचेस्टरमधल्या आपल्या बंगल्याच्या आवारात त्याने ५०० यार्ड लांबीची एक बंदिस्त गॅलरी बांधली. हेतू हा, की वाऱ्याचा उपद्रव नको. गमतीची गोष्ट अशी, की पहिली गॅलरी वादळानेच पाडली! ती पुन्हा उभारून १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले. ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे (रॉबिन्सचीच युक्ती), आणि दर वेळी नळीतली एकच गोष्ट बदलायची. पिळाच्या बाबतीत तो ६० इंचांपासून सुरू करून थेट एका इंचात एक फेरा इथपर्यंत गेला. एवढ्या घट्ट पिळात शिसे ओरबाडले जाऊ नये म्हणून त्याने खाचा सोडूनच दिल्या आणि नळी षट्कोनी केली. गोळीही तशीच, पिळदार षट्कोनी. निष्कर्ष निघाला: व्यास ०.४५१ इंच, पीळ २० इंच.

वजन मात्र तेच, ५३० ग्रेन. हा मुद्दा कळीचा आहे. वजन तेच ठेवून व्यास कमी केला, तर गोळी लांब होणारच. नळीचे क्षेत्रफळ एन्फील्डच्या सुमारे ६१ टक्के झाले, तेव्हा हवा कापायला समोरचे तोंड लहान झाले आणि गोळीचा वेग दूरवर टिकू लागला. पण ही लांब गोळी सैल पिळात कोलमडते. घट्ट पीळ हवाच होता, आणि तो किती हे व्हिटवर्थने करून पाहिले.

घट्ट पिळाविरुद्ध त्या काळी एक आक्षेप होता: गोळी फिरवण्यात दारूची शक्ती वाया जाते. हे खरे आहे का? भरीव दंडगोलाच्या फिरण्याची ऊर्जा आणि पुढे जाण्याची ऊर्जा यांचे गुणोत्तर २π²r²/T² इतके येते. इथे r म्हणजे गोळीची त्रिज्या आणि T म्हणजे पीळ. व्हिटवर्थच्या आकड्यांनी ते ०.००२५ भरते. चारशेतला एक भाग! अकरावी-बारावीच्या मुलांना हे गणित पाच मिनिटांत सोडवता येईल.

हाइथच्या सैनिकी शाळेत १८५७ च्या एप्रिलमध्ये दोन्ही रायफली समोरासमोर आल्या. ५०० यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्या सरासरी सव्वादोन फुटांनी विखुरल्या, व्हिटवर्थच्या साडेचार इंचांनी. ११०० यार्डांवर आठ फूट विरुद्ध सुमारे अडीच फूट. १४०० यार्डांवर एन्फील्डची एकही गोळी लक्ष्याला लागली नाही. व्हिटवर्थच्या लागत राहिल्या. तीन वर्षांनी, १८६० मध्ये, विंबल्डनच्या पहिल्या राष्ट्रीय नेमबाजी मेळाव्याचे उद्घाटन व्हिक्टोरिया राणीने केले ते व्हिटवर्थ रायफलीनेच. रायफल ठाण्यावर पक्की बसवलेली होती; राणीने फक्त चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून दीडएक इंचावर लागली.

आणि सैन्याने ती रायफल घेतली नाही. व्यास फार लहान, काजळी लवकर धरते, किंमत फार, अशी कारणे होती. त्यांतली काही खरीही होती. ठासणीच्या बंदुकीत काजळी हा थट्टेचा विषय नव्हे. पण पिळाचा मुद्दा या सगळ्यांपासून वेगळा काढता आला असता. तो काढला गेला नाही असे आम्हाला वाटते. एन्फील्डच्या नळ्या १८६६ नंतर मागून भरायच्या स्नायडर रायफलींत रूपांतरित झाल्या, तेव्हाही त्यांत ७८ इंचच राहिले. १८७१ च्या मार्टिनी-हेन्री रायफलीत अखेर व्यास ०.४५ इंच झाला आणि पीळ २२ इंच. व्हिटवर्थचा आकडा, चौदा वर्षे उशिरा.

दीडशे

इथवर सगळा मामला करून पाहण्याचा. आता ‘का’ कडे येऊ. लांबट गोळीवर हवेचा रोध जिथे एकवटतो, तो बिंदू तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला असतो. गोळी जराशी तिरपी झाली, की हवा नाक आणखी वर ढकलते; गोळी कोलांटी खायला पाहते. उभा भोवरा पडायला पाहतो तशीच ही स्थिती. भोवरा फिरत असेल तर पडण्याऐवजी त्याचे डोके सावकाश गोल फिरते. गोळीचे नाकही तसेच गोल फिरत राहते आणि ती सावरते. पण त्यासाठी फिरण्याची किमान गती लागते. आणि गोळी लांब होत जाते तसा तिला उलटवणारा जोर झपाट्याने वाढतो. अक्षाभोवतीच्या फिरण्याचा आधार त्या प्रमाणात वाढत नाही.

हे वर्गात दाखवता येते. पुठ्ठ्याच्या चकतीत आगपेटीची काडी खोचून भोवरा करा. चकती खाली, टोकाजवळ असेल तर तो हलक्या चिमटीनेही फिरतो. तीच चकती काडीवर वर सरकवा. आता बराच जोर लावावा लागतो. वजन तेच, चकती तीच. फक्त उंची वाढली.

वूलिच इथल्या तोफखान्याच्या महाविद्यालयातले गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये या किमान गतीचा हिशोब मांडला. त्यातून निघालेला नियम पाढ्यासारखा सोपा आहे: गोळीची लांबी व्यासाच्या किती पट ते पाहा; १५० ला त्या संख्येने भागा; उत्तर येईल तितक्या व्यासांचा पीळ द्या. व्हिटवर्थची गोळी व्यासाच्या सुमारे तिप्पट लांब होती. १५० भागिले ३ म्हणजे ५०. ५० गुणिले ०.४५१ म्हणजे साडेबावीस इंच. व्हिटवर्थचे २० आणि मार्टिनी-हेन्रीचे २२ दोन्ही इथेच येतात. एन्फील्डची गोळी व्यासाच्या पावणेदोन ते दोन पट लांब. तिला ४३ ते ४९ इंच हवेत. ७८ इंचांत ती कशीबशी चालली, कारण पोकळ तळामुळे तिचा गुरुत्वमध्य पुढे सरकलेला होता. एन्फील्डच्याच १८५८ च्या आखूड, आरमारी नमुन्यात पीळ ४८ इंच केला होता. तेव्हा सूत्र नव्हते. अनुभवाने तिथे पोचले असणार.

या नियमात वेग कुठेच नाही, हे चाणाक्ष विद्यार्थी लगेच विचारेल. गोळी जितकी वेगाने जाते तितका हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. पण पीळ ठरलेला असल्याने गिरक्याही त्याच प्रमाणात वाढतात, आणि स्थैर्याला गिरक्यांचा वर्ग मोजला जातो. दोन्हीकडचा वेग कटतो. निदान पहिल्या हिशोबात तरी.

आणखी एक मौज. ग्रीनहिलने हवा दाबली न जाणाऱ्या द्रवासारखी मानली होती आणि गोळी लंबगोल. ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या गोळीला हे गृहीतक मुळीच लागू नाही! तरी नियम दीर्घकाळ उपयोगी पडला. १५० हा आकडा शिशाच्या गोळ्यांवर बेतलेला असल्याने तो सोसून गेला. नंतर अधिक वेगाच्या गोळ्यांसाठी लोक १५० ऐवजी १८० धरू लागले.

पण नियमात ठळकपणे नसलेली एक गोष्ट पुढे भोवली: हवेची घनता. अमेरिकेत १९६० च्या सुमारास ०.२२३ इंची हलकी एआर-१५ रायफल आली, तीच पुढे एम-१६ झाली. तिचा पीळ १४ इंच होता. ध्रुवप्रदेशातल्या थंडीत चाचण्या घेतल्या तेव्हा गोळ्या डगमगू लागल्या. कारण साधे आहे. उणे ४० अंश सेल्सियसची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे चोवीस टक्के दाट असते, आणि उलटवणारा जोर तेवढाच वाढतो. नेहमीच्या हवेत ही गोळी स्थैर्याच्या जेमतेम काठावर होती. थंडीत ती काठाखाली गेली. १९६३ मध्ये पीळ १२ इंच करण्यात आला. १४ भागिले १२ याचा वर्ग १.३६, म्हणजे छत्तीस टक्के जादा आधार. चोवीस टक्क्यांचा तोटा भरून वर थोडे शिल्लक. गोळीची लांबी १९ मिलिमीटर, व्यास ५.७ मिलिमीटर आणि १८० हा आकडा घेऊन गणित केले, तर उत्तर नेमके १२ इंचांजवळ येते. शतकापूर्वीच्या सूत्राला उत्तर ठाऊक होते! (लेहसारख्या उंच ठिकाणी उलटा फायदा, तिथली हवा समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच दाट.)

१९८० नंतर त्याच मापाची लांब गोळी आली, सुमारे २३ मिलिमीटरची. तिला ९ इंच पुरले असते. पण तिच्या जोडीला धूर-प्रकाशाची रेघ सोडणारी गोळी होती, २९ मिलिमीटरच्या आसपास. तिच्यात जळणारे द्रव्य भरावे लागते, म्हणून लांबी जास्त. साऱ्या नळ्या तिच्यासाठी ७ इंचांच्या केल्या गेल्या. म्हणजे पीळ ठरतो तो नळीतून जाणाऱ्या सर्वांत लांब गोळीवर. आणि फार घट्ट पिळाचा दोषही आहे. गोळीचा गुरुत्वमध्य अक्षापासून केसभर जरी सरकलेला असेल, तरी जास्त गिरक्यांत तो चूक वाढवतो. म्हणून लांब पल्ल्याचे नेमबाज पुरेसा पीळ घेतात आणि वर थोडीच शिल्लक ठेवतात. २००५ मध्ये डॉन मिलर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने वजन, लांबी, वेग, तापमान आणि हवेचा दाब यांचा समावेश असलेले नवे सूत्र दिले. आता नेमबाज बहुधा तेच वापरतात.

आणि सुरुवातीचे १६ इंच? ०.२२ ची नेहमीची गोळी पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास लांब, व्यास ५.६६ मिलिमीटर. व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी: ४१० मिलिमीटर, म्हणजे १६.१ इंच. आपल्या शाळेत एन.सी.सी.ची तुकडी असेल, तर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, रायफल रिकामी असल्याची खात्री करून हे मोजताही येईल. गजाला घट्ट चिंधी बांधून तो नळीत घालायचा. गजाची मूठ मोकळी फिरणारी हवी. गजावर शाईची खूण करून तो सावकाश बाहेर ओढायचा, आणि खूण एक पूर्ण फेरा घेईपर्यंत किती अंतर झाले ते पट्टीने पाहायचे.